घरातील वीज आणि बिलाचा हिशेब

विजेचे बिल आले की घरात दोनच गोष्टी होतात. कर्ता माणूस शेवटची रक्कम पाहून कपाळाला आठ्या घालतो आणि मुलांना ‘दिवे बंद करा’ असा दम मिळतो. बिलाचा कागद मग खिळ्याला टांगला जातो. त्यावर काय लिहिले आहे, ते क्वचितच कोणी वाचतो. आमच्या मते बिल कमी करण्याची पहिली पायरी बटण बंद करणे ही नसून बिल आणि मीटर वाचायला शिकणे ही आहे. म्हणून हा लेख पाठाच्या स्वरूपात लिहीत आहोत. विद्यार्थ्यांनी तो वही-पेन्सिल घेऊन वाचावा.

युनिट म्हणजे काय?

प्रत्येक उपकरणावर वॉटचा आकडा लिहिलेला असतो. तो आकडा आणि वापराचे तास यांचा गुणाकार करून १००० ने भागले की युनिट मिळतात. ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब रात्रभर, म्हणजे १० तास जळाला तर ६०० भागिले १००० म्हणजे ०.६ युनिट. महिन्याला १८ युनिट. त्याच जागी ९ वॉटचा एलईडी दिवा लावला तर महिन्याला २.७ युनिट. दोन्ही दिव्यांचा उजेड साधारण सारखाच. एवढे एक गणित ज्याला समजले, त्याला पुढचे सर्व समजेल.

काठीतील घराचे उदाहरण

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील काठी हे सातपुड्यातील गाव राजवाडी होळीमुळे सर्वांना परिचित आहे. या डोंगराळ भागात वस्ती पाड्यापाड्यांनी विखुरलेली, उत्पन्न पावसावर आणि मजुरीवर. अशा घरात दरमहा जाणारा प्रत्येक रुपया मोजावा लागतो. म्हणून उदाहरण तेथीलच घेऊ.

महाराष्ट्रात दारिद्र्यरेषेखालील घरगुती ग्राहकांसाठी वेगळा, अतिशय कमी दर आहे. पण त्यासाठी वापर महिन्याला ३० युनिट, म्हणजेच वर्षाला ३६० युनिटच्या आत राहावा लागतो. त्यापलीकडे गेल्यास ग्राहक सर्वसाधारण घरगुती वर्गात जातो आणि दर वाढतो. तेव्हा गरीब घरासाठी ३० हा आकडा लक्ष्मणरेषेसारखा आहे.

समजा, काठीतील एका घरात ९ वॉटचे तीन दिवे रोज ५ तास लागतात. ते झाले महिन्याला ४ युनिट. ७५ वॉटचा एक पंखा रोज ८ तास, १८ युनिट. ६० वॉटचा टीव्ही रोज ३ तास, सुमारे साडेपाच युनिट. दोन मोबाइलचे चार्जिंग, सुमारे १ युनिट. बेरीज साडेअठ्ठावीस. घर रेषेच्या आत आहे. आता ओट्यावर कोणी ६० वॉटचा जुना बल्ब रात्रभर जळत ठेवला, तर १८ युनिट वाढून बेरीज साडेसेहेचाळीस होते. बाजारात स्वस्तात मिळालेला एक बल्ब घराचा दरच बदलून टाकू शकतो! शंभर-सव्वाशे रुपयांच्या एलईडी दिव्याला ‘महाग’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब जरूर करावा.

शंभराचा टप्पा

तालुक्याच्या किंवा शहराच्या ठिकाणी राहणाऱ्या आपल्या सभासदांसाठी महत्त्वाचा आकडा १०० आहे. महावितरणच्या घरगुती दरात पहिले १०० युनिट एका दराने आणि १०१ ते ३०० हे युनिट त्याच्या जवळपास दुप्पट दराने आकारले जातात. ३०० व ५०० च्या पुढे दर आणखी चढतो. म्हणून बचत केलेले शेवटचे युनिट हे सर्वांत महाग युनिट असते. १३० युनिट वापरणाऱ्याने ३० युनिट वाचविले, तर वापर चौथ्या हिश्श्याहूनही कमी घटतो, पण पैसे त्याहून मोठ्या प्रमाणात वाचतात.

बिलात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क अशा रकमा असतात. स्थिर आकार वापर शून्य असला तरी भरावाच लागतो. ऊसतोडीला किंवा इतर कामाला घर बंद करून महिनोन्‌महिने बाहेर जाणाऱ्या कुटुंबांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. बंद घराची थकबाकी साचत जाते. थकबाकीसाठी १५ दिवसांची नोटीस देऊन वीज तोडता येते, आणि परत आल्यावर ऐन परीक्षेच्या दिवसांत मुलांना अंधारात बसावे लागते. घर बंद असताना किंवा मीटर वाचले न गेल्यास बिल सरासरीने येते. म्हणून बिलावरील चालू रीडिंग आणि मीटरवरील आकडा दरमहा ताडून पाहावा. फरक दिसल्यास लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

वीज कोठे गळते?

सर्वांत जास्त वीज उष्णता निर्माण करणारी उपकरणे खातात. पाणी तापविण्याचा १५०० वॉटचा रॉड रोज फक्त अर्धा तास लावला तरी महिन्याला साडेबावीस युनिट होतात. दक्षिणमुखी छपरावर काळ्या पिंपात पाणी ठेवले तर सूर्य यातले बरेच काम फुकट करतो. इस्त्री रोज एकेका कपड्यासाठी तापवू नये, आठवड्याचे कपडे एकदम करावेत.

पंख्याच्या बाबतीत नवे बीएलडीसी पंखे सुमारे ३० वॉटमध्ये चालतात. वरील घरातील १८ युनिटचे ७ युनिट होतील. नवा पंखा परवडत नसेल तर जुना, गरम होणारा रेग्युलेटर बदलून इलेक्ट्रॉनिक बसवावा.

टीव्ही रिमोटने बंद केला म्हणजे वीज बंद झाली, हा गैरसमज आहे. सेट-टॉप बॉक्स नुसता चालू राहून १० वॉट घेत असेल तर महिन्याला ७ युनिट जातात. तीन एलईडी दिवे रोज ५ तास लावण्यापेक्षा हे जास्त! भिंतीवरील बटण बंद करावे.

एक साधी परीक्षा. घरातील सर्व बटणे बंद करा, प्लग काढा आणि मीटरवरील लुकलुकणारा दिवा पाहा. तरीही तो लुकलुकत राहिला, तर वायरिंगमध्ये गळती असू शकते. अशा वेळी परवानाधारक वायरमनलाच बोलवावे. आकडा टाकून वीज घेणे ही बचत नव्हे. तो गुन्हा आहे आणि पावसाळ्यात जिवाशी खेळ आहे.

थोडी वीज, मोठे काम

काठीच्या शेजारच्या अक्राणी तालुक्यातील बिलगाव येथे २००३ साली ग्रामस्थांनी श्रमदानातून आणि केरळच्या अभियंत्यांच्या साह्याने धबधब्याच्या पाण्यावर १५ किलोवॉटचा छोटा वीजप्रकल्प उभारला. १५ किलोवॉट म्हणजे पाणी तापविण्याचे फक्त दहा रॉड! तेवढ्या विजेत एक गाव उजळले. २००६ साली सरदार सरोवराच्या पाण्यात तो प्रकल्प बुडाला, पण वॉट मोजून वापरले तर थोडक्या विजेत किती होते, हा त्याचा धडा बुडालेला नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि विजेचे खातेही त्यांच्याकडे होते. स्वस्त व मुबलक वीज आल्याशिवाय देशाचे दारिद्र्य हटणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. वीज ही चैन नसून माणसाला वर काढणारे साधन आहे, हे त्यांनी ओळखले होते. तेव्हा बचतीचा अर्थ अंधारात बसणे असा कोणी घेऊ नये. अभ्यासाचा ९ वॉटचा दिवा रोज ४ तास लावला तर महिन्याला जेमतेम १ युनिट लागते. घरात कशातही काटछाट करा, त्या एका युनिटात करू नका.

अभ्यास

१. आपल्या घरातील प्रत्येक उपकरणाचे वॉट व रोजचे तास लिहून महिन्याचे युनिट काढा.
२. दर रविवारी एकाच वेळी मीटरचा आकडा वहीत टिपा. चार आठवड्यांची बेरीज आपल्या हिशेबाशी जुळते का?
३. जुळत नसेल तर वीज कोठे जाते ते शोधा आणि आई-वडिलांना समजावून सांगा.

ज्या घरातील मूल मीटर वाचते, त्या घराला बिलाची धास्ती राहत नाही, असा आमचा विश्वास आहे.