जुन्या व्हॅनचे ‘मिसिंग’ : कार्यशाळेतील एक पाठ

ज्या माजी विद्यार्थ्यांनी वसतिगृहाची पांढरी व्हॅन कधी ना कधी ढकलली आहे, त्यांना तिची ओळख करून देण्याची गरज नाही. इतरांसाठी एवढे सांगणे पुरे, की ती जुन्या घडणीची गाडी आहे. समोरच्या आसनाखाली तीन सिलिंडरचे ७९६ सी.सी. पेट्रोल इंजिन, त्यावर कार्ब्युरेटर आणि ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर. धान्य, भाजी, वह्या तीच आणते. रात्री एखादा विद्यार्थी तापाने फणफणला तर तालुक्याच्या दवाखान्यातही तीच नेते.

अशाच एका पावसाळी रात्री ती आजारी विद्यार्थ्यासह रेल्वे फाटकाशी बंद पडली. मागून आलेल्या दुधाच्या टेम्पोने त्याला पुढे नेले व तो बरा झाला. परंतु गाडी ठेवावी की भंगारात काढावी, हा प्रश्न दुसऱ्याच दिवशी व्यवस्थापनासमोर आला. तोवर ती तीन गॅरेजे फिरून आली होती. प्लग, हायटेन्शन वायरी, डिस्ट्रिब्युटरची कॅप, रोटर आणि अखेरीस कॉईल असे सारे नवे बसले होते, आणि मिसिंग होते तसेच होते. आम्हाला पंधरा दिवसांची मुदत मिळाली. कारण सापडेपर्यंत एकही सुटा भाग विकत आणायचा नाही, ही अट आम्हीच स्वतःस घालून घेतली. दहावीचे सहा विद्यार्थी मदतीस होते.

मिसिंग म्हणजे एखाद्या सिलिंडरमधील मिश्रण वेळेवर न पेटणे किंवा मुळीच न पेटणे. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला ९०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरने मिनिटाला ४५० वेळा, म्हणजे सेकंदाला साडेसात वेळा पेटले पाहिजे. तिघांपैकी एक गप्प बसला की एक तृतीयांश जोर गेला. चार सिलिंडरच्या गाडीपेक्षा ही व्हॅन अधिक हादरते, त्याचे कारण हेच. पेटण्यासाठी तीन गोष्टी लागतात : योग्य वेळी ठिणगी, योग्य प्रमाणात पेट्रोल व हवा, आणि त्या मिश्रणावर पुरेसा दाब. गॅरेजांनी तिन्ही वेळा पहिल्याच गोष्टीवर खर्च केला होता.

आम्ही प्रथम पाना हाती घेतला नाही, वही घेतली. मिसिंग केव्हा होते, हे चार दिवस लिहून ठेवले. सकाळी थंड इंजिन चांगले चाले. सहा-सात किलोमीटरनंतर गाडी उभी केली की थरथर सुरू होई. वेग घेतला की ती बरीच कमी होई. फाटकाशी बंद पडलेली गाडीही तासाभराने, थंड झाल्यावर, आपोआप चालू झाली होती. त्या रात्री पाऊस होता म्हणून सर्वांनी वायरींच्या ओलीस दोष दिला. परंतु कोरड्या दिवसांतही वहीतील नोंदी तशाच होत्या.

पुढचा प्रश्न, कोणता सिलिंडर? इंजिन गरम करून, रबरी मुठीच्या पकडीने एकेका प्लगची वायर क्षणभर काढली. (येथे हजारो व्होल्ट असतात, विद्यार्थ्यांना आम्ही हात लावू दिला नाही. गाडीही उघड्यावर उभी केली होती, कारण बंद शेडमध्ये धुराने जीव जाऊ शकतो.) पहिल्याची आणि तिसऱ्याची वायर काढताच इंजिन मरगळे. दुसऱ्याची काढली तरी आवाजात काहीच फरक पडेना. काम न करणारा तोच. मग दुसऱ्याचा प्लग पहिल्यात आणि पहिल्याचा दुसऱ्यात बसविला. वायरींचीही तशीच अदलाबदल केली. दोष प्लगबरोबर किंवा वायरीबरोबर हलला असता तर तो त्यांचा ठरला असता. तो हलला नाही. कार्ब्युरेटर तिन्ही सिलिंडरांना एकत्रच पुरवठा करतो, तेव्हा एकट्या दुसऱ्यासाठी त्याला धरणे योग्य नव्हते. दुसऱ्याच्या तोंडाशी मॅनिफोल्डचे गॅसकेट हवा ओढत असेल, ही शंका उरली होती. त्या सांध्यावर तेलाचे थेंब सोडून पाहिले. इंजिनाचा सूर बदलला नाही.

राहिला दाब. येथे आमची चूक झाली, ती नोंदविणे आवश्यक आहे. सोयीचे म्हणून आम्ही सकाळी थंड इंजिनावरच कॉम्प्रेशन गेज लावले. तिन्ही आकडे १५० पौंडांच्या आसपास आले. इंजिन निरोगी आहे, असे आम्ही वहीत लिहिले आणि पुढचे दोन दिवस पुन्हा ठिणगीच्या मागे घालविले. आमची वही वाचणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, गाडी गरम झाल्यावर बिघडते, मग आपण ती थंड असताना का मोजली?” आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्याच दुपारी गाडी दहा किलोमीटर फिरवून आणली, तिन्ही प्लग काढले, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून पुन्हा मोजले. पहिला १५५, तिसरा १५०, दुसरा ९०.

दाब दोन वाटांनी निसटतो : पिस्टनच्या रिंगांवाटे किंवा व्हॉल्व्हवाटे. दुसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑईल सोडून पुन्हा मोजले. रिंगा झिजल्या असत्या तर तेलाने फट भरून आकडा चढला असता. तो चढला नाही. प्लग पुन्हा बसवून इंजिन सुरू केले आणि वहीच्या कागदाची एक पट्टी सायलेन्सरच्या तोंडाशी धरली. ती सारखी बाहेर उडायला हवी होती. पण मधूनच आत ओढली जात होती. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नसला की सिलिंडर हवा आत घेताना मागच्या दारानेही ओढतो. हा प्रयोग फुकटचा आहे आणि विद्यार्थ्यांना सर्वांत अधिक आवडला.

दुसऱ्या दिवशी थंड इंजिनाचे टॅपेट कव्हर उघडले. रोटर दुसऱ्या सिलिंडरच्या टोकाकडे येईपर्यंत इंजिन हाताने फिरविले. या स्थितीत त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि रॉकर व व्हॉल्व्हच्या दांडीमध्ये थोडी फट राहिली पाहिजे. एक्झॉस्टच्या बाजूस फिलर गेजची सर्वांत पातळ पातीही शिरेना. इंजिन तापले की दांडी लांबते; फटच नसली तर लांबलेली दांडी रॉकरला टेकून व्हॉल्व्ह किंचित उघडाच राहतो. वेगात दाब निसटायला वेळ कमी मिळतो, म्हणून धावताना गाडी बरी वाटे.

इतर ठिकाणी झीज झाली की फट वाढते; येथे उलटे आहे. व्हॉल्व्हची बैठक झिजते, व्हॉल्व्ह हेडमध्ये खोल जातो, दांडी रॉकरच्या जवळ येते आणि फट मिटते. आमची व्हॅन काही वर्षे एल.पी.जी.वर चालली होती. त्या कोरड्या इंधनाने ही झीज लवकर होते. टॅपेट वाजत नाहीत म्हणून आम्ही इतकी वर्षे समाधानी होतो. वाजले असते तर कोणी तरी कव्हर उघडून पाहिले असते.

लॉक नट सैल करून, पेचकसाने स्क्रू फिरवून पुस्तकात दिलेली फट ठेवली. नट आवळताना ती सरकते, म्हणून तीनदा मोजली. कव्हरचे गॅसकेट तेवढे नवे घेतले. गरम इंजिनावर दुसऱ्याचा आकडा १४० आला. पूर्ण बरोबरी झाली नाही. व्हॉल्व्हची कड थोडी भाजली असावी, कारण बैठकीला टेकूनच तो आपली उष्णता हेडला देतो आणि त्याला तेच मिळत नव्हते. पण थरथर गेली.

त्यानंतर दर ५,००० किलोमीटरला आम्ही ती फट मोजतो. दुसऱ्या खेपेस ती पुन्हा थोडी कमी झालेली आढळली, म्हणजे झीज थांबलेली नाही. उन्हाळी सुट्टीत हेड उतरवून बैठक नवी करावी लागेल, असे व्यवस्थापनास लेखी कळविले आहे आणि मंजुरी मिळाली आहे. तोपर्यंत फिलर गेज व कागदाची एक पट्टी गाडीच्या कप्प्यात ठेवलेली असते.