अभ्यंगोत्तर परिचर्या : रुग्णास काय सांगावे?

अभ्यंगाचा विधी आपणा सर्वांस परिचित आहे. तथापि रुग्ण टेबलावरून उठल्यापासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्याने कसे वागावे, हे सांगण्याचे कार्य पुष्कळदा परिचारकावर सोपविले जाते किंवा राहूनच जाते. अभ्यंगाचे फळ आणि रुग्णाची सुरक्षितता ही दोन्ही या उरलेल्या काळावर अवलंबून असल्याने प्रस्तुत लेखात आम्ही त्याचाच विचार करीत आहोत.

पूर्वपरीक्षण

वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या दिनचर्याध्यायात नित्य अभ्यंगाचा उपदेश केला आहे. त्याच ठिकाणी कफग्रस्त, शोधन झालेला व अजीर्णी यांना अभ्यंग वर्ज्य सांगितला आहे. सुश्रुतसंहितेत तरुण ज्वराचाही निषेध आहे. या यादीस आजच्या व्यवहारात एका लक्षणाची जोड देणे आवश्यक आहे. एकाच पायाची पोटरी सुजलेली, उष्ण व दुखरी असेल, विशेषतः शस्त्रकर्म, प्लास्टर किंवा दीर्घकाळ अंथरुणास खिळून राहणे असा पूर्वेतिहास असेल, तर तो वातज शूल समजून मर्दन करू नये. शिरेत रक्ताची गुठळी असल्यास ती सुटून फुप्फुसापर्यंत जाऊ शकते. अशा रुग्णास प्रथम डॉप्लर तपासणीस पाठवावे.

मधुमेही रुग्णाच्या पायांची संवेदना कमी झालेली असू शकते. तेलाची व वाफेची उष्णता त्याला विचारून ठरवू नये. ती वैद्याने स्वतः पाहावी. इन्सुलिन टोचल्याच्या जागी त्या वेळी मर्दन किंवा शेक केल्यास औषध वेगाने शोषले जाऊन साखर एकदम उतरण्याचा संभव असतो. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास दाब सौम्य ठेवावा.

रुग्णाने काय अपेक्षावे

सुश्रुतटीकाकार डल्हणाने स्नेह रोमकूपापासून मज्जेपर्यंत पोहोचण्याचा काल ३०० ते ९०० मात्रा असा क्रमाने दिला आहे. व्यवहारात ९०० मात्रा म्हणजे एका स्थानी सुमारे ५ मिनिटे असा हिशेब धरला जातो. रुग्णास हे समजावून सांगितल्यास घाईघाईने चोळण्याची अपेक्षा तो करीत नाही.

अभ्यंगानंतर अंग हलके वाटणे, झोप येणे, क्वचित एक-दोन दिवस स्नायू किंचित दुखणे हे स्वाभाविक आहे. मात्र दुखणे वाढत गेले, अंगावर पुरळ उठले किंवा मुंग्या नव्याने सुरू झाल्या तर रुग्णाने कळवावे. श्वास लागणे वा छातीत दुखणे यासाठी दवाखान्याची वाट न पाहता थेट घाटीसारख्या मोठ्या रुग्णालयात जावे, हे स्पष्ट शब्दांत सांगावे. पहिल्याच दिवशी जुना संधिवात बरा होईल, असे आश्वासन देऊ नये.

अभ्यंगानंतर

१. रुग्णास एकदम उभे करू नये. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांना भोवळ येते. काही मिनिटे बसवावे, तळवे कोरडे पुसावेत, मगच चालू द्यावे. तेलकट तळव्याने घसरून वृद्धाचे खुब्याचे हाड मोडणे, ही अभ्यंगातील सर्वांत सहज टाळता येणारी हानी होय.

२. मसुराचे पीठ किंवा उटणे लावून कोमट पाण्याने स्नान करावे. डोक्यावर कढत पाणी घेऊ नये. ज्या घरी नळाला रोज पाणी येत नाही, तेथे पीठ चोळून ओल्या कोमट पंचाने अंग पुसणे हा व्यवहार्य पर्याय आहे.

३. भूक लागल्यावर मऊ भात, मुगाचे वरण असा लघू आहार घ्यावा. कोमट पाणी तहानेनुसार प्यावे. ‘विषे वाहून जावीत’ म्हणून तांबे भरभरून पाणी पिण्याचा सल्ला देऊ नये. हृद्रोग व वृक्कविकार असणाऱ्यांस तो घातक ठरू शकतो.

४. वारा, ऊन, प्रवास, दिवास्वाप व वेगधारण टाळावे. हे नियम वाग्भटांनी मूलतः स्नेहपानासाठी सांगितले असले तरी येथेही उपयुक्त आहेत. पैठण, कन्नड, सिल्लोडहून एसटीने येणाऱ्या रुग्णास प्रवास टाळणे शक्य नसते. त्याला विश्रांतीची वेळ धरूनच बोलवावे व कान झाकून पाठवावे. वैशाखातील चाळीस अंशांच्या उन्हात दुपारी दुचाकीवरून जावे लागेल, अशी वेळ देऊ नये.

औषधालयांसाठी

गुलमंडी-औरंगपुऱ्यातील दुकानात ‘दुखण्याचे तेल’ मागणारा ग्राहक बहुधा वैद्याकडे गेलेला नसतो. विषगर्भ तेलात वत्सनाभ, धत्तूर यांसारखी द्रव्ये असतात. ते जखमेवर वा फाटलेल्या त्वचेवर लावू नये, लावल्यावर हात धुवावेत व मुलांपासून दूर ठेवावे, एवढे तरी विक्रेत्याने सांगितलेच पाहिजे. कोणतेही नवे तेल प्रथम हाताच्या आतील बाजूस थोडे लावून एक दिवस पाहण्यास सुचवावे. तिळाची अ‍ॅलर्जी असणारेही रुग्ण असतात. एकाच पायाच्या सुजेसाठी तेल मागणाऱ्यास तेल न देता वैद्याकडे पाठवावे.

समारोप

वरील सूचना सोप्या मराठीत अर्ध्या पानावर छापून, वाचून दाखवून रुग्णाच्या हाती द्याव्यात व खाली दूरध्वनी क्रमांक लिहावा, असे आम्ही सुचवितो. ज्याला वाचता येत नाही, त्याच्या सोबतच्या माणसास त्या समजावून द्याव्यात. तेलाची निवड जितक्या काळजीने करावयाची, तितक्याच काळजीने ही परिचर्याही सांगितली जावी. तीही चिकित्सेचाच भाग आहे.