रूट मारल्याने जुना फोन पळतो का?

प्रश्न : माझा रेडमी नोट 4 हा 2017 सालचा आहे. पार हळू झालाय; काही ॲप तर ‘या फोनवर चालणार नाही’ म्हणून उतरतच नाहीत. दुरुस्तीवाला म्हणतो, रूट मारून कस्टम रिकव्हरी टाकतो, नव्यासारखा पळेल. करून घेऊ का?
— एक वाचक, फुलसावंगी (ता. महागाव, जि. यवतमाळ)

उत्तर : रूट मारल्याने फोन पळत नाही. रूट म्हणजे फोनच्या आतल्या कुठल्याही फाइलला हात लावायची मुभा. रॅम आणि प्रोसेसर होते तेवढेच राहतात. तुम्हाला हवाय तो नवा अँड्रॉइड, आणि त्याला रूटची गरजच नाही. त्यासाठी बूटलोडरचं, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रामचं, कुलूप उघडायचं, टीडब्ल्यूआरपीसारखी रिकव्हरी (सिस्टिम बसवायचं छोटं सॉफ्टवेअर) टाकायची आणि तिच्यातून लिनिएजओएससारखा रॉम, म्हणजे आख्खी नवी सिस्टिम, चढवायचा.

तुमची तक्रार मात्र रास्त आहे. शाओमी कंपनीने हा फोन अँड्रॉइड 7 वरच सोडून दिला. पुढचे अँड्रॉइड त्याच्यावर बसवले ते हौशी मंडळींनी. पण या नावाचे फोन दोन निघाले. भारतात विकला गेला तो स्नॅपड्रॅगनवाला, त्याचं सांकेतिक नाव ‘मिडो’. दुसरा मीडियाटेकचा, ‘निकेल’. याची फाइल त्याला मारली की फोन डेड होऊ शकतो.

कुलूप उघडायला शाओमीच्या खात्यावरून परवानगी घ्यावी लागते, ती लगेच मिळेलच असं नाही. उघडताक्षणी फोनमधलं सगळं पुसलं जातं. लोक याला वैतागतात, पण ते मुद्दाम ठेवलंय. नाहीतर चोरानेही हेच करून तुमचे फोटो-मेसेज वाचले असते. पुढचं काम फास्टबूटमध्ये होतं. बंद फोनवर आवाज कमी करायचं बटण आणि पॉवर एकत्र दाबून धरलं की अँड्रॉइडचा रोबो दुरुस्त करत बसलेला ससा दिसतो. तिथे केबल लावून कॉम्प्युटरवरून रिकव्हरी टाकतात. टाकल्यावर फोन नेहमीसारखा चालू करायचा नाही, थेट रिकव्हरीतच जायचं. नाहीतर मूळ सिस्टिम आपली जुनी रिकव्हरी परत बसवते आणि मेहनत पाण्यात. आत गेल्यावर आधी ईएफएस नावाच्या भागाचा बॅकअप घ्यायचा, कारण आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) तिथून उडाला तर नेटवर्क गेलंच म्हणून समजा. उडालाच आणि कुणी ‘दुसरा टाकून देतो’ म्हणालं, तर सरळ नाही म्हणा. दूरसंचार कायदा 2023 प्रमाणे अशा छेडछाडीला 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 50 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

खरी अडचण पैशांची आहे. बँकेची आणि यूपीआयची बरीच ॲप रूट झालेला फोन ओळखतात आणि चालायला नकार देतात. काही तर नुसतं कुलूप उघडं दिसलं तरी अडतात. रूट लपवायचे उपाय आहेत, पण आज चाललेला उपाय ॲपच्या पुढच्या अपडेटला बंद पडतो. बाजारात कापूस-हळद विकून पैसे ज्या फोनवर घेता, त्याच्यावर हा खेळ नको.

म्हणून माझं मत : घरात हा एकच फोन असेल तर हात लावू नका. व्यवहाराला दुसरा फोन असेल तर खुशाल रॉम टाका, रूट मात्र नको. दुकानात देण्याआधी सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या, बँकेची ॲप उडवा, फोटो-नंबर दुसरीकडे उतरवून ठेवा. आणि दुरुस्तीवाल्याला विचारा, ‘फाइल मिडोचीच आहे ना?’ तो अडखळला तर फोन घेऊन घरी या.