सुतारी बाकाचे माप

सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावी सुतारकाका अंगणात जमिनीवर बसून काम करत. लाकूड पायाने दाबून धरायचे आणि रंधा चालवायचा. त्यामुळे सुतारकामाला उंच बाक लागते हे मला सहावीत हिमाचलमध्ये, या शाळेत आल्यावर कळले. त्या बाकाला माप असते हे कळायला नववी उजाडली.

गेल्या वर्षी हॉबी क्लबचे जुने बाक इतके डगमगू लागले की करवत चालवताना एकाने ते धरून ठेवावे लागे. उस्तादजींनी नवे करायचे ठरवले आणि मापे काढायचे काम माझ्याकडे दिले. उस्तादजी सेंटिमीटर मानत नाहीत. त्यांचा हिशोब फूट, इंच आणि सूत. आठ सूत म्हणजे एक इंच. म्हणून मीही इथे इंचातच लिहितो.

लांबी ठरवणे सोपे गेले. आपल्याकडे नेहमी येणारे सर्वांत लांब काम कोणते ते पाहायचे. आमच्याकडे हॉस्टेलच्या खाटांच्या फळ्या दुरुस्तीला येतात आणि त्या सहा फुटी असतात. रंधताना फळीचे टोक बाकाबाहेर लोंबले तर ते खाली दबते आणि रंधा उड्या मारतो. म्हणून बाक साडेसहा फूट. याहून लांब केले असते तर खोलीत वळायला जागा उरली नसती.

रुंदी दोन फूट. पाच फूट रुंद टेबल दिसायला छान, पण पलीकडच्या कडेला ठेवलेली पटाशी घ्यायला कामावरच ओणवे व्हावे लागते. शिवाय आमचे बाक खोलीच्या मधोमध असते आणि दोन्ही बाजूंनी कॅडेट उभे राहतात. मग समोरासमोरचे दोघे एकमेकांच्या वाटेत यायला नकोत, म्हणून दोन फुटांपेक्षा कमी करू नका, असे उस्तादजी म्हणाले.

जाडीबद्दल मात्र आमचा वाद झाला. मी दीड इंच म्हणत होतो, उस्तादजी तीन इंचांवर अडून बसले. लाकूड वाया जाईल असे मला वाटत होते. मग त्यांनी मला गणित करायला लावले. साडेसहा फूट लांब, दोन फूट रुंद, तीन इंच जाड म्हणजे सव्वातीन घनफूट. वाळलेला देवदार घनफुटाला साधारण 16 किलो धरला तर नुसता माथाच 50 किलोंच्या पुढे जातो. रंध्याने आपण बाकाला आडवे ढकलतच असतो. हलके बाक सरकते, जड बाक जागचे हलत नाही. शिवाय पटाशीवर ठोकणी मारली की पातळ माथा उसळतो आणि निम्मा घाव वाया जातो. फ्रान्समध्ये 18व्या शतकात आंद्रे रूबो नावाच्या सुताराने या कामावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यातले बाक तर आमच्यापेक्षाही जाड माथ्याचे आहे. मी हरलो, आणि बरे झाले.

आता उंची. इथेच मी चुकलो.

उंचीचा नियम असा: बूट घालून ताठ उभे राहायचे, हात सैल सोडायचा आणि जमिनीपासून मनगटापर्यंतचे अंतर मोजायचे. रंध्याच्या कामाला तेवढी उंची पुरते. त्या उंचीवर कोपर जवळजवळ सरळ राहतो आणि शरीराचे वजन वरून रंध्यावर पडते. बाक उंच झाले की कोपर वाकतो, सगळे काम एकट्या दंडावर येते आणि दहा मिनिटांत खांदे भरून येतात. बारीक सांधे कापायला याउलट थोडी जास्त उंची बरी, कारण तिथे जोरापेक्षा नजर जवळ असावी लागते. त्यासाठी आम्ही बाकावर जाड ठोकळा ठेवतो.

मी नियमाप्रमाणे मोजले. मनगट 32 इंचांवर आले. पाय तेवढेच कापले. मोजले कोणाचे? माझे. क्लबमध्ये सहावीची नऊ मुले आहेत हे डोक्यातच आले नाही.

त्यांतला एक लातूरचा. सगळ्यांसमोर मला ‘सर’ म्हणतो, आम्ही दोघेच असलो की ‘दादा’. त्याची उंची 138 सेंटिमीटर, मनगट साडेसव्वीस इंचांवर. नवे बाक त्याला साडेपाच इंच उंच पडत होते. त्याने तक्रार केली नाही. एका रविवारी आपली काळी ट्रंक आणली, तिच्यावर उभा राहून रंधू लागला. ट्रंक गुळगुळीत फरशीवरून घसरली. तो सावरला, पण दोन किलोंहून जड लोखंडी रंधा त्याच्या पायावर पडला. पायात कॅनव्हासचे बूट. अंगठ्याचे नख काळेनिळे झाले.

एमआय रूममध्ये त्याने सांगितले, “बाथरूममध्ये पडलो.”

मी बाहेर आल्यावर विचारले, “खोटं का सांगितलंस?”

“दादा, बाक तुम्ही केलंय ना.”

संध्याकाळी मी उस्तादजींना खरे काय ते सांगितले. ते रागावले नाहीत. टेप माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “अब सबका नापो.”

आम्ही नऊच्या नऊ जणांची मनगटे मोजली. सगळी साडेसव्वीस ते अठ्ठावीस इंचांच्या आत. कोणी म्हणाले, पाय कापून टाकू. पण कापलेला पाय परत वाढत नाही, आणि मग दहावी-बारावीच्या कॅडेटांच्या कमरेचे काय? म्हणून बाकाच्या एका बाजूला उभे राहायला लाकडी चौथरा केला. चौथरा बाकाइतकाच लांब हवा, कारण रंधताना माणूस चालतो. आखूड चौथऱ्यावरून तो पुढच्या पावलाला खाली पडेल. रुंदी दीड फूट. तळाला दोन इंचांची चौकट, तिच्याखाली फरशीवर घसरू नये म्हणून जुन्या टायरच्या पट्ट्या. वर एकेक इंचाच्या तीन थरांत फळ्या, बोल्टने कसलेल्या. बोल्टची डोकी फळीत बुडवली आहेत, बुटाला अडकत नाहीत. एकूण पाच इंच.

थर वेगळे ठेवले ते मुले वाढतात म्हणून. सत्राच्या सुरुवातीला आम्ही पुन्हा टेप घेऊन बसलो. लातूरकर आता 143 आहे, आणि बाकीचेही त्याच्यासारखेच इंचभर वर आले आहेत. वरचा एक थर परवा काढला. ती फळी नीट झाकून ठेवली आहे, नवे सहावीवाले याच महिन्यात येतील.