पाठ ४ : एचटीएमएल घटकांचे प्रकार आणि वेबपानाची मांडणी

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला
• ब्लॉक आणि इनलाइन घटकांमधील भेद सांगता येईल.
• घटकाचा अर्थ आणि त्याचे दृश्यरूप या दोन गोष्टी वेगळ्या का ठेवाव्यात, हे स्पष्ट करता येईल.
• मराठी मजकुराच्या वेबपानासाठी योग्य घटक निवडता येतील.

४.१ प्रास्ताविक

सार्थ ज्ञानेश्वरीची छापील प्रत तुम्ही पाहिली असेल. गीतेचा श्लोक, त्याखाली ओवी आणि ओवीखाली तिचा अर्थ, अशी तिची रचना असते. टाइपाचा आकार आणि ठळकपणा यांवरून मूळ कोणते व विवरण कोणते, हे आपल्याला न सांगता कळते. छापील पानावर अर्थ आणि रूप असे एकत्रच येतात.

वेबपानावर मात्र हे काम दोन भाषांत विभागलेले आहे. मजकुराचा प्रत्येक भाग काय आहे, हे एचटीएमएल सांगते. तो कसा दिसावा, हे सीएसएस सांगते. ही विभागणी आरंभापासून नव्हती. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या एचटीएमएलच्या पहिल्या वर्णनात अवघे १८ घटक होते. पुढे अक्षरांचा रंग व आकार ठरवणारे ‘फॉन्ट’सारखे टॅग मजकुरातच मिसळू लागले. रूपाचे नियम वेगळे काढण्याचा प्रस्ताव होकून व्हियूम ली यांनी १९९४ मध्ये मांडला आणि सीएसएसचे पहिले प्रमाण डिसेंबर १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले.

या पाठात आपण सार्थ ज्ञानेश्वरीचे एक पान वेबसाठी तयार करत आहोत, असे समजून घटकांचे प्रकार पाहू.

४.२ ब्लॉक आणि इनलाइन घटक

रूपाच्या दृष्टीने घटकांचे दोन मुख्य प्रकार आहेत.

(अ) ब्लॉक घटक : हा घटक नव्या ओळीवर सुरू होतो आणि सामान्यतः उपलब्ध रुंदी पूर्ण व्यापतो. परिच्छेदाचा ‘पी’, शीर्षकांचे ‘एच-१’ ते ‘एच-६’, उताऱ्याचा ‘ब्लॉककोट’ आणि विशिष्ट अर्थ नसलेला ‘डिव्ह’ हे या प्रकारातले. यांना रुंदी, उंची आणि चारही बाजूंचे समास देता येतात.

(आ) इनलाइन घटक : हा घटक ओळ न मोडता मजकुराच्या ओघात राहतो. भर दर्शवणारा ‘ईएम’, महत्त्व दर्शवणारा ‘स्ट्राँग’, दुव्याचा ‘ए’ आणि विशिष्ट अर्थ नसलेला ‘स्पॅन’ ही याची उदाहरणे. यांना रुंदी वा उंची दिली तरी परिणाम होत नाही. वरचा व खालचा समासही ओळींमधील अंतर वाढवत नाही. नवशिक्यांना कोड्यात टाकणारी अडचण बहुधा येथेच असते.

चित्राचा ‘आयएमजी’ घटक ओळीत बसतो, तरी त्याला रुंदी व उंची देता येते; कारण त्याचा आशय बाहेरच्या फाइलमधून येतो. अशा घटकाला ‘प्रतिस्थापित घटक’ म्हणता येईल.

सीएसएसमधील ‘डिस्प्ले’ या गुणधर्माने ब्लॉक घटक इनलाइन आणि इनलाइन घटक ब्लॉक करता येतो. म्हणजे हा प्रकार घटकाचा मूळ स्वभाव असला, तरी अटळ नाही.

४.३ आशयाचे वर्ग

मग न बदलणारे काय आहे? कोणत्या घटकात कोणता घटक ठेवता येतो, हा नियम. ऑक्टोबर २०१४ मध्ये प्रमाण म्हणून मान्य झालेल्या एचटीएमएल-५ मध्ये यासाठी आशयाचे सात प्रमुख वर्ग आहेत : मेटाडेटा, फ्लो, सेक्शनिंग, हेडिंग, फ्रेजिंग, एम्बेडेड आणि इंटरॅक्टिव्ह. एकच घटक एकाहून अधिक वर्गांत असू शकतो. ‘एच-१’ हा हेडिंग वर्गात आहे, तसाच फ्लो वर्गातही आहे.

एक उदाहरण पाहू. ‘पी’मध्ये केवळ फ्रेजिंग वर्गातील, म्हणजे वाक्याच्या पातळीवरील, आशय चालतो. तुम्ही ‘पी’च्या आत ‘डिव्ह’ लिहिला, तर ब्राउझर ‘डिव्ह’ येताच परिच्छेद आपोआप बंद करतो. सीएसएसमध्ये तो ‘डिव्ह’ इनलाइन केला, तरी परिच्छेद तुटतोच. कारण पानाची रचना एचटीएमएलच्या नियमांनी ठरते आणि सीएसएस त्या रचनेला केवळ रूप देते.

४.४ आपले पान

अध्यायाच्या नावाला ‘एच-१’ द्यावा. तेच नाव ‘डिव्ह’मध्ये मोठ्या ठळक अक्षरांत लिहिले, तर डोळ्यांना फरक जाणवणार नाही. परंतु दृष्टिहीन वाचक स्क्रीन रीडरच्या साहाय्याने पान ऐकतो आणि एका शीर्षकावरून दुसऱ्या शीर्षकावर जात हवा तो भाग शोधतो. ‘डिव्ह’मधील नाव त्याच्या दृष्टीने शीर्षकच नसते. अठरा अध्यायांच्या ग्रंथात त्याला हवे ते स्थळ सापडणे या निवडीवर अवलंबून असते.

ओवीला ‘पी’ द्यावा आणि तिच्या ओळी ‘बीआर’ने तोडाव्यात, कवितेत ओळ मोडणे हा आशयाचाच भाग आहे. ओवी व अर्थ यांत अंतर हवे म्हणून मात्र ‘बीआर’ पुन्हा पुन्हा वापरू नये. ते काम सीएसएसमधील समासाचे आहे.

विवरणात भर द्यायच्या शब्दाला ‘ईएम’ द्यावा. ब्राउझर तो तिरपा दाखवतो. तिरपे अक्षर ही रोमन लिपीच्या छपाईतील परंपरा आहे. देवनागरीत ते अनेकदा कृत्रिमरीत्या कललेले दिसते. अशा वेळी ‘ईएम’ काढू नये, सीएसएसने त्याचे रूप सरळ व ठळक करावे. भर कायम राहते, रूप तेवढे बदलते.

संपूर्ण पानाच्या ‘लँग’ या गुणविशेषात मराठीचा संकेत ‘एमआर’ आणि गीतेच्या श्लोकाच्या ‘ब्लॉककोट’ला संस्कृतचा ‘एसए’ द्यावा. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे, त्यात ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे यामुळे उमटतात. स्क्रीन रीडरलाही योग्य भाषेचा आवाज निवडता येतो.

४.५ सारांश

घटक निवडताना ‘हा मजकूर काय आहे?’ हा प्रश्न आधी विचारावा. ‘तो कसा दिसावा?’ हा प्रश्न त्यानंतरचा. ब्लॉक की इनलाइन, हे सीएसएसने बदलता येते. घटकाचा अर्थ आणि त्याचा आशयवर्ग सीएसएसने बदलत नाहीत.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘स्पॅन’ला रुंदी देऊनही ती का लागू होत नाही? त्यावर कोणता उपाय करता येईल?
२. परिच्छेदात ‘डिव्ह’ ठेवल्यास काय घडते? सीएसएसने ते का टाळता येत नाही?
३. तुमच्या पाठ्यपुस्तकातील एका कवितेचे पान निवडा. शीर्षक, कवीचे नाव, कडवी आणि टिपा यांसाठी कोणते घटक वापराल, ते कारणांसह लिहा. नंतर रूपाचा विचार बाजूला ठेवून ते पान मित्राला केवळ ऐकवा. कोणता भाग काय आहे, हे त्याला ओळखता येते का, ते पाहा.