ऑर्डरचा दर आणि तासाची कमाई



फूड डिलिव्हरीच्या कामात पगार नसतो, ऑर्डरमागे पैसे मिळतात. झोमॅटो, स्विगीसारख्या कंपन्या डिलिव्हरी करणाऱ्याला कामगार न म्हणता ‘पार्टनर’ म्हणतात. त्यामुळे किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, भरपगारी रजा यांपैकी काहीही त्याला लागू होत नाही. गाडी, पेट्रोल, मोबाइल यांचा खर्चही त्याच्याच खिशातून जातो.

ग्राहकाच्या बिलावरून डिलिव्हरीवाल्याच्या कमाईचा अंदाज बांधू नये. हॉटेलकडून घेतलेले कमिशन कंपनीचे असते. प्लॅटफॉर्म फी २०२३ मध्ये २ रुपयांपासून सुरू झाली आणि २०२५ मध्ये १० रुपयांच्या वर गेली, तीही कंपनीचीच. २२ सप्टेंबर २०२५ पासून डिलिव्हरी शुल्कावर १८ टक्के जीएसटी आहे, तो सरकारचा. डिलिव्हरीवाल्याला मिळते ते अंतर, वेळ आणि भाग पाहून ठरलेले ऑर्डरचे पैसे, इन्सेंटिव्ह आणि असल्यास टीप. इन्सेंटिव्हला ठरावीक ऑर्डरी किंवा लॉगिनचे तास पूर्ण करण्याची अट असते. एक ऑर्डर कमी पडली तरी ती रक्कम हातची जाऊ शकते.

धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब, वाशी, भूम भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना कामाच्या मापावर मिळणारी मजुरी नवी नाही. मात्र तोडणीचा टनामागचा दर कामगार संघटना आणि साखर संघ समोरासमोर बसून ठरवतात. जानेवारी २०२४ मध्ये त्यात ३४ टक्के वाढ ठरली. अ‍ॅपवरचा दर कंपनी एकटी ठरवते आणि एकटीच बदलते. म्हणून मित्राने सहा महिन्यांपूर्वी किती कमावले, यावर भिस्त ठेवू नये. चालू आठवड्याचे रेट कार्ड पाहावे.

हिशोब तासावर करावा. समजा, दहा तासांत २० ऑर्डरी झाल्या, प्रत्येकीचे ३५ रुपये आणि वर १५० रुपये इन्सेंटिव्ह मिळाला, तर जमा ८५० रुपये. गाडी १२५ किलोमीटर फिरली, लिटरला ५० चा अ‍ॅव्हरेज आणि १०४ रुपये भाव धरला, तर पेट्रोलचे २६० रुपये झाले. टायर, ऑइल, सर्व्हिसिंग आणि गाडीची झीज किलोमीटरला १ रुपया धरली तर १२५, डेटाचे १५. उरले ४५० रुपये, म्हणजे तासाला ४५. ऑर्डरीची वाट पाहत हॉटेलसमोर घालवलेला वेळही या दहा तासांत मोजावा. छोट्या गावात ऑर्डरी विरळ असतील तर हाच वेळ सर्वांत महाग पडतो.

पेआउटमधून होणारी कपातही तपासावी. काही ठिकाणी टी-शर्ट, बॅग आणि नोंदणीचे पैसे हप्त्याने कापतात. ग्राहकाकडून घेतलेली रोख रक्कम हिशोबात वळती होते. आयकरापोटी १ टक्का टीडीएस कापला असेल आणि वर्षाचे उत्पन्न करपात्र नसेल, तर रिटर्न भरून तो परत मिळतो. त्यासाठी पॅन दिलेला हवा. दर आठवड्याच्या पेआउटचा आणि वादाच्या ऑर्डरीचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा.

या कामासाठी नवी गाडी कर्जावर घेणे हे ऊसतोडीच्या मुकादमाकडून आगाऊ उचल घेण्यासारखेच आहे: अ‍ॅपवरचा आयडी ब्लॉक झाला तरी हप्ता थांबत नाही. आधी घरच्या गाडीवर दोन-तीन महिने काम करून पाहावे. खासगी वापराची विमा पॉलिसी डिलिव्हरीच्या वेळी झालेल्या अपघाताला चालते का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्यावे. कंपनीच्या अपघात विम्याच्या अटीही पहिल्याच दिवशी वाचाव्यात.

सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यानुसार अशा अ‍ॅप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कल्याण निधीत द्यायची आहे. कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या ५ टक्के ही या रकमेची कमाल मर्यादा आहे. या निधीतून विमा, आरोग्य अशा योजना अपेक्षित आहेत. ऑर्डरचा किमान दर मात्र संहिता ठरवत नाही. लाभासाठी ई-श्रम पोर्टलवर आधार क्रमांकासह नोंदणी करून घ्यावी.

धाराशिवात राहून हे काम करायचे की पुण्याला जायचे, हेही तासाच्या निव्वळ कमाईवरच ठरवावे. पुण्यात ऑर्डरी जास्त, पण खोलीभाडे आणि खाणावळ त्यातूनच वजा होते. ते वजा करून उरणारी रक्कम गावातल्या दुकानातल्या किंवा गॅरेजमधल्या पगारापेक्षा कमी असेल, तर मोठ्या पेआउटला भुलू नये.