मशेरी लावतेस, तर तसं सांग

अगं, एक गोष्ट विचारते, रागावू नकोस. दवाखान्यात बाळंतपणासाठी नाव घालताना नर्सबाईंनी 'तंबाखू खाता का?' विचारलं, तेव्हा तू नाही म्हणालीस ना? खोटं बोललीस असं मी म्हणत नाही. आपल्या सातारा-सांगलीकडं मशेरीला तंबाखू धरतंय कोण? ते आपलं दात घासणं. तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरून डबीत भरायची आणि सकाळी हिरड्यांना बोट लावत उंबऱ्यात टेकायचं. कामाच्या रामरगाड्यात बाईला हक्कानं बसायला मिळतात ती तेवढीच पाच मिनिटं. हे मला ठाऊक आहे, म्हणून तुला नावं ठेवणार नाही.

पण निपाणीची असो की जयसिंगपूरची, तंबाखू भाजली म्हणून तिचा गुण जात नाही. निकोटिन हिरड्यांतून रक्तात उतरतं आणि नाळेतून बाळापर्यंत पोचतं. भाजताना तर घातक द्रव्यांची भरच पडते. आणि घरी केलेली असल्यामुळं डबीवर धोक्याचं चित्रही नसतं.

हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. संशोधक डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत घरोघर जाऊन गरोदर बायका शोधल्या आणि १,२१७ जणींची बाळंतपणापर्यंत नोंद ठेवली. बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या बायकांत मशेरीवाल्याच जास्त होत्या. तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं न वापरणाऱ्यांच्या बाळांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी भरली आणि साधारण सहा दिवस आधी जन्मली. २००४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हे छापून आलं. पुढं २००६ मध्ये याच कामातून आणखी एक गोष्ट समोर आली. मूल पोटातच दगावण्याचा धोका अशा बायकांत सुमारे अडीच पट होता. रक्त कमी असण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त दिसलं.

तुला वाटेल, १०५ ग्रॅम म्हणजे काय मोठंसं? साडेतीन किलोच्या बाळाला ते कळणारही नाही. पण अडीच किलोच्या खाली गेलं की बाळ कमी वजनाचं धरतात आणि आपल्याकडं कितीतरी बाळं त्या रेघेच्या आसपासच असतात. तिथं तेवढ्यानंही बाळ रेघेच्या खाली जाऊ शकतं.

आता तू म्हणशील, आजीनं जन्मभर लावली, सात बाळंतपणं झाली, काय झालं तिला? अगं, धोका म्हणजे भविष्य नव्हे. प्रत्येकीला होईलच असं कुणी सांगत नाही. हजार जणी एका बाजूला आणि हजार जणी दुसऱ्या बाजूला ठेवल्या की फरक दिसतो, एका आजीवरून तो कसा दिसणार? 'गरिबीमुळं बाळं हलकी असतील' हा प्रश्न त्या संशोधकांनाही पडला होता. म्हणून आईचं वजन, शिक्षण अशा गोष्टींचा हिशेब करूनच त्यांनी तो आकडा मांडला. बाळाच्या वजनावर परिणाम करणाऱ्या गोष्टींपैकी वंश, वय, उंची बदलणं आपल्या हातात नाही. मशेरी मात्र आहे.

म्हणून पहिलं काम कर. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची फुकट तपासणी असते. त्या दिवशी आपणहून म्हण, 'मी मशेरी लावते, दिवसातून इतक्या वेळा.' माता-बाल कार्डावर लिहून घे. डॉक्टरांना कळलं तर ते वजन आणि रक्त जरा जास्त लक्ष देऊन बघतील. कुणी टाकून बोललंच तर बोलू दे, बाळ आपलं आहे.

कराड-मिरजेच्या मेडिकल कॉलेजची मुलं कधी पाहणीचा फॉर्म घेऊन दारात आली, तर त्यांनाही खरंच सांग. 'नाही'च्या खुणा जमत गेल्या, तर आपल्या बायकांचा त्रास कागदावर दिसणार कसा? मात्र सही करण्याआधी फॉर्म वाचून घे. नाही म्हणायचा, अर्ध्यातून बाहेर पडायचा हक्क तुझा असतो आणि त्यामुळं उपचार अडत नाहीत.

सोडताना पहिले आठ-पंधरा दिवस जड जातील. डोकं दुखेल, चिडचिड होईल, पोट साफ होणार नाही. तेव्हा कोमट पाणी, पालेभाजी, थोडं चालणं यांनी निभावून ने. तलफ आली की काही मिनिटं बडीशेप चघळ, ती ओसरते. निकोटिनचा च्युइंगगम मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नकोस. १८००-११२-३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर फुकट फोन लागतो, मराठीत बोलता येतं. आणि ती उंबऱ्यातली पाच मिनिटं सोडू नकोस. डबी नसली तरी बस.

राहिल्या तुझ्या सासूबाई, आत्ती. मशेरी त्याही लावतात. त्यांना 'तुम्हीही सोडा' म्हणायला जाऊ नकोस, घरात भांडण नको. भाजायचं तेवढं तू घरात नसताना उरका, एवढंच मागून घे. आणि तोंडात पांढरा चट्टा आहे का, दोन आठवडे न भरलेली जखम आहे का, तिखट झोंबतंय का, हे गप्पांच्या ओघात विचार. तिशीपुढच्या सगळ्यांची तोंडाची तपासणी सरकारी योजनेत होते. आशाताईंना सांगून आत्तींचं नाव घाल आणि त्या दिवशी तू स्वतः त्यांच्यासोबत जा.